पाचाच्या वर नको

निंबा सरांना फुटबॉल कधीच खेळता आला नव्हता. ही गोष्ट साऱ्या जळगावात दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको, भिकुबाई.

शाळेत ते एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. अठरा वर्षांपूर्वी खेळाचे शिक्षक बदलून गेले आणि मुलींचा फुटबॉल संघ उघड्यावर पडला. तेव्हाचे मुख्याध्यापक कुणाच्या गळ्यात हे काम बांधावं या विचारात लायब्ररीत शिरले, तर निंबा सर नेमके फुटबॉलच्या नियमांच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालत होते.

"वाचलंय का हे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"वाचलंय," सर म्हणाले. लायब्ररीत आलेलं प्रत्येक पुस्तक वाचून मगच कपाटात ठेवायचं, अशी त्यांना खोड होती.

"मग झालं तर. उद्यापासून ग्राउंड तुमच्याकडे."

तेव्हापासून ग्राउंड त्यांच्याकडे आलं ते निवृत्तीनंतर तीन वर्षं झाली तरी त्यांच्याचकडे होतं. रोज सकाळी साडेसहाला गळ्यात शिट्टी, हातात वही, डोक्याला मफलर अशा थाटात ते हजर व्हायचे. मैदानाला पाच फेऱ्या, जागेवर उड्या, मग दोन संघ पाडून खेळ. एवढंच त्यांचं शिक्षण. आपल्याला याहून जास्त काही येत नाही हे कुणीतरी एक दिवस ओळखणार, ही भीती त्यांनी अठरा वर्षं मफलरीखाली दडवून ठेवली होती. त्या भीतीवर त्यांनी एक वाक्यही शोधून काढलं होतं. पालक विचारायचे, "सर, आमच्या पोरीला जरा चपळ करा ना." सर म्हणायचे, "चपळाई शिकवता येत नाही. ती उपजत असते. ती फक्त ओळखावी लागते."

आणि त्यांनी ती ओळखली होती. रेशमा.

चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर करमसिंगची ही मुलगी. सहावीत शाळेच्या वसतिगृहात आली. पहिला महिनाभर कुणाशी बोलायची नाही, दुपारी लायब्ररीत येऊन चित्रांची पुस्तकं उलटायची. निवृत्त झाले तरी सर दुपारी तिथं बसायला जातच. एकदा मधल्या सुट्टीत दोनशे पोरं जिन्यावरून खाली लोटली आणि ही एकटी वर येत होती. सर दारात उभे होते. कुणालाही न धडकता, हातातलं पुस्तक छातीशी धरून, ती त्या लोंढ्यातून अशी वर आली की सर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला मैदानावर नेलं.

आता ती तेरा वर्षांची होती आणि चौदा वर्षांखालच्या संघाची जान होती. गोल केला की ती धावता धावता मान वळवून कडेला बघायची. तिथं मफलर गुंडाळलेले निंबा सर उभे असायचे. सर नुसती वही वर करायचे. आयुष्यात आपल्याकडे असं वळून दुसरं कुणी बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

जूनमध्ये संस्थेने पुनमला नेमलं.

पुनम सोनगीरची. वय सव्वीस, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट असलेली. पहिल्याच दिवशी वाकून नमस्कार करत म्हणाली, "सर, मला नुसतं पुनम म्हणा. तुम्ही इथं आधीपासून आहात, मी तुमच्या हाताखालीच."

"छे छे, मॅडम," सर म्हणाले, आणि पुढे चार महिने मॅडमच म्हणत राहिले.

तिने पाच फेऱ्या बंद केल्या. त्याऐवजी आधी संथ पळणं, मग दहा मिनिटं ताकदीचे व्यायाम, मग शिडी, मग वळणावळणाने वेगात धावणं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं, आणि हे म्हणे फक्त अंग गरम करायला. शिडी म्हणजे जमिनीवर अंथरायची. तिच्या घरांतून पटापट पाय टाकत जायचं. विकतची शिडी महाग म्हणून मैदानाचा शिपाई सुपडू याने भावाच्या शेतातून ठिबकच्या जुन्या नळ्या आणल्या, कापून बांधून दिल्या. अठरा वर्षांत सुपडूने निंबा सरांना एक दोरीसुद्धा आणून दिली नव्हती.

ताकदीचे व्यायाम सरांना आधी पोरखेळ वाटले. कोपरांवर अंग तोलून फळीसारखं ताठ राहायचं. मग तसंच एका कुशीवर. एका पायावर डोळे मिटून उभं राहायचं. बैठका, उड्या. आणि एक विचित्र प्रकार: गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून जोडीदारणीने घोटे घट्ट धरायचे आणि कमरेत न वाकता, हळूहळू, अंग आवरत, पुढं पडायचं. मांडीच्या मागच्या स्नायूंची यात कसोटी लागे. रेशमाने त्याला नाव दिलं 'झाड'. तोडलेलं झाड जसं आधी सावकाश कलतं आणि मग पडतं, तसं. ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

"ताई, आज झाड किती?"

"पाच. पाचाच्या वर नको."

सर वाचनालयाच्या पायरीवर बसून बघायचे. पोरी हसत पडायच्या, हसत उठायच्या. पुनम स्वतः त्यांच्यासोबत मातीत झोपायची. रेशमाच्या बुटाची नाडी सुटली तर खाली बसून बांधायची. सरांना ते बघवायचं नाही आणि नजरही काढवायची नाही.

"हे सगळं कशाला, मॅडम?" एकदा त्यांनी धीर करून विचारलं. "चपळाई तर उपजत असते."

पुनम मनापासून समजावत म्हणाली, "सर, वेगात पळता बऱ्याच जणींना येतं. पण चपळ ती, जिला थांबता येतं. जोरात आलेलं अंग एका पायावर तोलून थांबवलं, तरच दुसरीकडे वळता येणार. ती थांबायची ताकद मांडीत, पोटात, घोट्यात लागते. आणि ती कमावता येते."

बोलून ती थांबली नाही. तिने सात शंकू मांडले आणि जाडजूड, मंद म्हणून सर ज्या हेमलताला नेहमी गोल अडवायला उभी करायचे, तिला नागमोडी धावायला लावलं. जूनमध्ये तिला चौदा सेकंद लागले होते. ऑक्टोबरमध्ये अकरा. पोरींनी हेमलताला उचलून घेतलं. सर टाळ्या वाजवत राहिले. चपळाई शिकवता येत असेल, तर आपण ओळखली ती काय होती?

त्याच आठवड्यात सरावाच्या सामन्यात रेशमाने गोल केला. धावता धावता तिने मान वळवली. सरांनी वही वर केली. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, ती दुसऱ्या कडेला बघत होती. तिकडे पुनम दोन्ही हात उंचावून नाचत होती.

वही वर धरलेला हात आता कसा खाली घ्यावा, हे सरांना कळेना. शेवटी त्यांनी वहीने डोक्यावर सावली धरल्यासारखं केलं. सकाळचे सात वाजले होते. सुपडू शेजारीच होता.

"आते तुमनं काय काम शे आठे, सर?" सुपडू दात कोरत म्हणाला. "पोरी बठ्ठ्या ताईना मांगे. घर बसा, मस्त भरीत-भाकर खा."

आता तुमचं इथं काम काय, हे तो थट्टेने म्हणाला, पण सरांना दिवसभर जेवण गेलं नाही. संध्याकाळी भिकुबाई स्वयंपाकघरात आल्या तर नवरा मडक्याच्या तिवईला धरून, डोळे मिटून, एका पायावर उभा.

"अहो! हे काय?"

"काही नाही. बघत होतो."

"डोळे मिटून काय बघत होता?"

सरांनी पाय खाली टेकला. सहा सेकंद. रेशमा तीस सेकंद उभी राहायची.

"त्या मॅडमवर जळताय होय," भिकुबाई भाकरी थापत शांतपणे म्हणाल्या. "जळा. पण मडकं फोडू नका."

नोव्हेंबरमध्ये धुळ्याला विभागाच्या स्पर्धा लागल्या. तिथं राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. रेशमा निवडली गेली तर सरकारी क्रीडा प्रबोधिनीत जागा, राहणं-खाणं-शिक्षण सगळं. करमसिंग एकदा केळी घेऊन भेटायला आला, तेव्हा त्याने सरांचे नाही, पुनमचे हात धरले होते.

सामना सोमवारी. त्याच्या आधीच्या सोमवारीच पुनमच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन धुळ्यात ठरलं. रविवारी ती घाईत आली.

"सर, आठवडाभर पोरी तुमच्याकडे. मी थेट तिथं मैदानावर भेटते." तिने प्लास्टिकमध्ये घातलेला एक तक्ता सरांच्या हातात ठेवला. त्यावर व्यायाम तीन पायऱ्यांत लिहिले होते: सोपी, मधली, अवघड. "आपल्या पोरी अजून पहिल्याच पायरीवर आहेत. तीच चालू ठेवा. झाड पाचच. आणि शनिवार-रविवार ताकदीचं काहीच नको. नुसतं हलकं पळणं आणि शिडी. पाय ताजे राहायला हवेत."

"हो हो," सर म्हणाले. "तक्त्याप्रमाणे."

घरी येऊन त्यांनी चष्मा लावून तक्ता तीनदा वाचला. छापलेला कागद हातात आला की त्यांना बळ यायचं. मैदानावर पुनम मोठी होती. कागदावर दोघं बरोबरीचे. आणि वाचता वाचता त्यांना तो धक्का बसला, जो शाळेत आयुष्य काढलेल्या माणसालाच बसू शकतो. परीक्षा आठ दिवसांवर, आणि पोर्शन फक्त एक तृतीयांश झालेला! चार महिने पहिलाच धडा? दोन अख्ख्या पायऱ्या शिकवायच्या बाकी, आणि शेवटचे दोन दिवस म्हणे काहीच नको. शेवटचे दोन दिवस तर उजळणीचे असतात. शाळेत जो शिक्षक पोर्शन अर्धा ठेवतो त्याला काय म्हणतात, हे सरांना चांगलं माहीत होतं.

मनाच्या तळाशी दुसरंही काही होतं, आणि ते त्यांनी स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नाही. पुनम सोमवारी येईल, पोरी तिसऱ्या पायरीवर असतील, तिचे डोळे विस्फारतील. कुणी केलं हे? सरांनी. आणि रेशमा गोल करून कडेला बघेल.

सोमवार-मंगळवार पहिली पायरी. बुधवार-गुरुवार दुसरी. शुक्रवारी तिसरी. झाड पाचाचं दहा झालं, दहाचं पंधरा. सर वाचनालयाच्या पायरीवर उभे राहून मोजत आणि प्रत्येकीच्या नावापुढे वहीत आकडा टाकत. लायब्ररीत पुस्तक देताना टाकत तसाच, नीट, ओळीत.

"सर, ताई म्हणाली होती पाचच," हेमलता गुरुवारी म्हणाली.

"पुढचं शिकून ठेवलं तर वाईट आहे का?" सर म्हणाले. मग आवाज खाली करून, "ताईंना आत्ता कुणी सांगायचं नाही. तिथं दाखवायचं. कळलं?"

पोरींना गुपित आवडतं. रेशमा तर हसून म्हणाली, "सर, मी वीस करते." आणि तिने वीस केले. उठताना तिने सरांकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रोज संध्याकाळी पुनमचा फोन यायचा. मागे दवाखान्याचा गलबला.

"सर, पाचच ना?"

"तक्त्याप्रमाणे चाललंय, मॅडम," सर म्हणायचे. शब्दशः पाहिलं तर ते खरंच होतं, कारण पंधराचा आकडाही तक्त्यावरच छापलेला होता. तरी फोन ठेवल्यावर ते हात धोतराला पुसायचे.

शनिवारी तिन्ही पायऱ्यांची संपूर्ण उजळणी झाली. रविवारी सकाळी, धुळ्याची गाडी धरण्याआधी, आणखी एक. शेवटची. झाड तीन वेळा पंधरा. तिसऱ्या खेपेला बाराव्याला रेशमा कलता कलता एकदम हातांवर पडली. उठली, चड्डीची माती झटकली, डाव्या मांडीच्या मागे हात लावला आणि लगेच काढून घेतला. सरांनी ते पाहिलं. वहीत १२ लिहिलं.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. एरवी गाणी म्हणत जाणाऱ्या पोरी गाडीत गप्प होत्या. पारोळ्याला खाली उतरताना एकेक जण म्हातारीसारखी खांब धरून पायऱ्या उतरली. "पाय भरून आलेत, सर," हेमलता म्हणाली. "उद्या मोकळे होतील," सर म्हणाले. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना मरगळ येतेच.

सोमवारी सकाळी आठला पुनम मैदानावर आली. डोळ्यांत जागरण, हातात औषधांची पिशवी. पोरी तिला बिलगल्या. तिने पिशवी ठेवली, ठिबकच्या नळ्यांची शिडी अंथरली आणि म्हणाली, "चला, हलकं पळून या."

पोरी पळाल्या. दोन फेऱ्या होईतो पुनमच्या कपाळावर आठी उमटली. ज्या पोरी शिडीतून पाखरांसारख्या जायच्या त्यांचे पाय नळ्यांत अडकत होते. वळताना अंग एकीकडे, पाय दुसरीकडे.

"काय झालं गं? अंग एवढं जड का?"

सगळ्यांनी खाली बघितलं.

"प्रवासाने असेल," पुनम स्वतःशीच म्हणाली. मग सरांकडे वळली. "सर, की माझंच काही चुकलं? पहिली पायरीसुद्धा यांना जास्त झाली का?"

सरांनी तोंड उघडलं. त्याच वेळी मागून संस्थेचे सचिव योगेंद्रभाऊ आले. जळगावहून मुद्दाम गाडी करून आले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"हे काय, मॅडम? पोरी का चिखलात चालताहेत?" ते म्हणाले. "त्या नळ्या नि झोपून-पडून व्यायाम. मी तेव्हाच म्हटलं होतं. सरांच्या पाच फेऱ्या होत्या तेव्हा काय वाईट होतं? आजचा निकाल बघतो. नाहीतर पुढच्या वर्षी ग्राउंड परत सरांकडेच. काय, सर?"

पुनमचा चेहरा उतरला.

सरांच्या छातीत काहीतरी उसळलं आणि ती उसळी आनंदाची होती, हे त्यांना लपवता येईना, निदान स्वतःपासून तरी. चार महिने जे हवं होतं ते आयतं ओंजळीत पडलं होतं. त्यासाठी काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याची तर त्यांना जन्माची सवय.

सामन्याला वीस मिनिटं होती. मंडपात निवड समितीची तीन माणसं चहा पीत बसली होती. सुपडू पाण्याचं पिंप घेऊन सरांजवळ आला. या वेळी तो दात कोरत नव्हता.

"सर, ती पोर लंगडी ऱ्हायनी," तो हळूच म्हणाला. "रेशमा. देखा."

मैदानाच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून, रेशमा एकटीच वळायचा प्रयत्न करून बघत होती. चार पावलं धावायची, डाव्या पायावर थांबायची, वळायची. तिसऱ्या वेळी तिचा पाय टिकला नाही. हात मांडीच्या मागे गेला. सरांना बाराव्याचं झाड आठवलं.

पुनमच्याही ते नजरेला आलं. "रेशमा! काय होतंय?"

"काही नाही, ताई."

"दुखतंय का?"

"नाही ना, ताई. खरंच." आणि तिने सरांकडे बघितलं.

ती नजर सरांना कळली. सांगू नका, ती म्हणत होती. मंडपात ते लोक बसलेत. मला खेळायचंय. आपलं गुपित आहे ना, सर? पुनमला ठाऊक नसलेलं, फक्त त्या दोघांचं असं काहीतरी त्या नजरेत होतं. चार महिने ज्याच्यासाठी जीव खालीवर होत होता ते हेच. पोर पुन्हा त्यांची झाली होती. आणि तासाभराने भर वेगात त्या डाव्या पायावर थांबायची वेळ आली की तिची मांडी फाटणार होती. सगळ्या मैदानात हे ठाऊक असलेला एकच माणूस होता.

सरांना चारचौघांत बोलता यायचं नाही. त्यांनी वही काढली, रविवारचं पान उघडलं आणि पुनमसमोर धरली.

"मॅडम, हे वाचा."

पुनमने वाचलं. मग मागचं पान उलटलं, मग त्याच्या मागचं. बोट एका आकड्यावर थांबलं.

"झाड तीन वेळा पंधरा? काल सकाळी?"

"हो. रेशमाचं बाराव्याला सुटलं. डाव्या पायाचं. मी पाहिलं होतं."

ती जोरात बोलली असती तर सरांना बरं वाटलं असतं. पण ती वही बंद करून हळू आवाजात एवढंच म्हणाली, "सर, मी रोज फोन करत होते."

योगेंद्रभाऊ अजून तिथंच होते. "काय प्रकार आहे?" त्यांनी विचारलं.

"मॅडमनी पाचच सांगितले होते," सर म्हणाले. आता त्यांचे शब्द थांबेनात. "पाचच, आणि शेवटचे दोन दिवस काही नको. मी पोर्शन पूर्ण करायला गेलो. यांना न सांगता. पोरींनाही सांगू दिलं नाही. पोरी जड झाल्यात त्या माझ्यामुळे. जे काय आहे ते माझ्यामुळे."

"पोर्शन?" योगेंद्रभाऊ म्हणाले. "कसला पोर्शन?"



पुनमने रेशमाला गवतावर पालथं झोपवलं, टाच धरली आणि म्हणाली, "टाच कमरेकडे ओढ. जोर लाव." रेशमाने जोर लावला आणि दाताखाली ओठ धरला. पुनमने टाच सोडून दिली.

"आज नाही खेळायचं."

"ताई! ते लोक आलेत!"

"माहीत आहे."

रेशमा उठून बसली. ती पुनमवर ओरडली नाही. सरांकडे वळली. डोळे भरले होते आणि आवाज मात्र दगडासारखा.

"तुम्हीच म्हणाला होतात ना सर, सांगायचं नाही म्हणून? मी नाही सांगितलं. मग तुम्ही का सांगितलं?"

सर वळले आणि मैदानाच्या फाटकाबाहेर चालू लागले. चालता चालता धावू लागले. धोतराचा सोगा हातात धरून, मफलर मागे उडतेय, साठी उलटलेला माणूस धुळ्याच्या रस्त्यावरून धावत कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेला आणि धापा टाकत म्हणाला, "बर्फ द्या. असेल तेवढा."

ते परत आले तेव्हा सामना सुरू झाला होता. मफलरीत बांधलेला बर्फ त्यांनी पुनमच्या हातात दिला आणि बाकाच्या अगदी टोकाला बसले. पुनमने तो रेशमाच्या मांडीला बांधला. रेशमाने मफलर कुणाची ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पहिला अर्धा तास पोरींनी कसाबसा काढला. पुनमने जिच्या नावापुढे वहीत कमी आकडे होते तिला पळायचं काम दिलं, जास्त आकडे होते तिला मागे उभं केलं. वहीचा तेवढा उपयोग झाला. हेमलता आळशीपणाने दर वेळी दोन-तीन झाडं चोरायची आणि सरांनी ती चोरी इमानदारीने नोंदवली होती. म्हणून आज तीच पुढे होती. दोन गोल खाऊन झाल्यावर तिनेच एक फेडला. अंगावर आलेल्या मुलीसमोर ती एका पायावर थांबली, ती मुलगी पुढे निघून गेली, आणि ही वळून गोलाकडे. जाडजूड हेमलता. धावता धावता तिनेही मान वळवली, पुनमकडे. सरांना ते टोचलंच. आजसुद्धा टोचलं, याची त्यांना लाज वाटली, पण टोचलं.

दोन-एकने हरले. मंडपातल्या माणसांनी जळगावच्या संघातून कुणाचंच नाव लिहून घेतलं नाही.

परतीच्या गाडीत पुनम सरांच्या शेजारी येऊन बसली. पारोळा मागे पडल्यावर म्हणाली, "स्नायू ताणलाय, फाटलेला नाही. तीन आठवडे. वयात अजून एक वर्ष बसते ती."

"उद्यापासून मी येत नाही," सर म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही ठरवा." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी रागावलेली आहे, सर. खूप. पण आठ दिवसांत कुणी किती केलं हे मला नेमकं कळलं, ते तुम्ही लिहून ठेवलं होतं म्हणून. मला असं लिहिणं जमत नाही. मी चार महिने सगळं डोक्यात ठेवतेय."

सर पंधरा दिवस गेले नाहीत. सोळाव्या दिवशी भिकुबाईंनी धुतलेली मफलर त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि म्हणाल्या, "सकाळी घरात माझ्या पायात येता. जा तिकडे."

ते गेले ते पायरीवर बसले. सुपडूने नुसती मान हलवली. आणखी आठवडाभराने रेशमाला पुनमने पहिल्यांदा झाड करायची परवानगी दिली. हेमलताने मागून घोटे धरले.

"सर," पुनमने हाक मारली. "या. मोजा. पाच."

सर जवळ गेले. वही उघडली. रेशमाने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण जमिनीकडे बघत म्हणाली, "सर, मोठ्यांदा मोजा."

"एक," सर म्हणाले. ती सावकाश कलली, अंग आवरत, हातांवर टेकली. "दोन. तीन." माती तिच्या तळव्यांना चिकटत होती. "चार."

पाचवं सगळ्यांत सुरेख झालं. अगदी वीतभर अंतर उरेपर्यंत तिने स्वतःला सोडलं नाही. उठली ती हसत. सरांना वाटलं, हिला आता दहा सहज जमतील. सहाचा आकडा ओठांवर आला. तेवढ्यात रेशमाने मान वळवली, जमलं का हे विचारायला. पुनमकडे.

सरांनी ओठांवरचा सहा गिळला.

"पाच," ते म्हणाले, आणि वहीत पाच लिहून त्यांनी पेनाला टोपण घातलं.